विल्बर ऑलिन ॲटवॉटर

विल्बर ऑलिन ॲटवॉटर (जन्म: ३ मे १८४४, जॉन्सबर्ग, न्यूयॉर्क राज्य, मृत्यू: २२ सप्टेंबर १९०७, मिडलटाउन, कनेक्टिकट) हे अमेरिकन कृषिरसायनशास्त्रज्ञ होते. मानवी आहार आणि शारीरिक श्रम यांचे मोजमाप एकाच एककात, म्हणजे उष्मांकांत (किलोकॅलरीत), करण्याची पद्धत त्यांनी अमेरिकेत रुजवली. प्रथिने व कर्बोदके यांच्या प्रत्येक ग्रॅमपासून ४ आणि स्निग्ध पदार्थांच्या प्रत्येक ग्रॅमपासून ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, हे आज सर्वत्र वापरले जाणारे गुणक त्यांच्या संशोधनातून आले. अमेरिकेतील शासकीय पोषण-संशोधनाचे ते आद्य प्रवर्तक मानले जातात.

बालपण व शिक्षण

ॲटवॉटर यांचे वडील विल्यम वॉरन ॲटवॉटर हे मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. आईचे नाव एलिझा बार्न्स. विल्बर यांचे बालपण मुख्यतः न्यू इंग्लंड भागात गेले. त्यांच्या तरुणपणी अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. मात्र ते सैन्यात न जाता शिकत राहिले. प्रथम दोन वर्षे व्हरमाँट विद्यापीठात आणि नंतर मिडलटाउन येथील वेस्लियन विद्यापीठात शिकून १८६५ मध्ये ते पदवीधर झाले. पुढे येल विद्यापीठाच्या शेफील्ड विज्ञानशाळेत सॅम्युएल जॉन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी मक्याच्या रासायनिक घटकांवर प्रबंध लिहिला. या प्रबंधासाठी १८६९ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्या काळी जर्मनीत नव्याने रूढ झालेल्या विश्लेषणपद्धती त्यांनी या कामात वापरल्या. त्यानंतर दोन वर्षे त्यांनी लाइपझिग व बर्लिन येथे अध्ययन केले आणि तेथील कृषी प्रयोगकेंद्रांचे काम जवळून पाहिले. सरकारी पैशावर चालणारी आणि शेतकऱ्याच्या प्रश्नांवर संशोधन करणारी अशी केंद्रे अमेरिकेत तेव्हा नव्हती.

अध्यापन व कृषी प्रयोगकेंद्रे

१८७१ मध्ये मायदेशी परतल्यावर ॲटवॉटर यांनी टेनेसी व मेन राज्यांत काही काळ अध्यापन केले. १८७३ मध्ये ते वेस्लियन विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले व अखेरपर्यंत या संस्थेशी संलग्न राहिले. १८७४ मध्ये त्यांचा मार्सिया वुडर्ड यांच्याशी विवाह झाला. त्यांना हेलन ही मुलगी आणि चार्ल्स हा मुलगा, अशी दोन अपत्ये झाली.

कनेक्टिकट राज्याचे अनुदान आणि प्रकाशक ऑरेंज जड यांची देणगी यांच्या आधारे १८७५ मध्ये वेस्लियन येथे अमेरिकेतील पहिले राज्य कृषी प्रयोगकेंद्र सुरू झाले. ॲटवॉटर त्याचे संचालक होते. दोन वर्षांनी हे केंद्र येल येथे हलवण्यात आले. १८८७ च्या हॅच कायद्याने प्रत्येक राज्यात अशी केंद्रे स्थापन करण्यासाठी केंद्र सरकारचा निधी मिळू लागला. त्यांच्या कामाचा मेळ घालण्यासाठी कृषी खात्यात एक कार्यालय उघडण्यात आले. १८८८ ते १८९१ या काळात ॲटवॉटर या कार्यालयाचे पहिले संचालक होते. वाटाण्यासारखी द्विदल पिके हवेतील नायट्रोजन मिळवतात, हे त्यांच्या प्रयोगांतूनही दिसून आले होते. परंतु ही क्रिया मुळांवरील गाठींतील जीवाणूंमुळे घडते, याचा उलगडा जर्मनीत हेलरीगेल व विलफार्ट यांनी केला.

आहाराच्या अभ्यासाकडे

जनावरांच्या खाद्याची रासायनिक तपासणी करता करता ॲटवॉटर माणसाच्या अन्नाकडे वळले. १८७९ नंतर त्यांनी अमेरिकेच्या मत्स्य आयोगासाठी विविध माशांच्या पोषणमूल्याचे विश्लेषण केले. १८८२–८३ मध्ये ते म्यूनिक येथे कार्ल फॉइट यांच्या प्रयोगशाळेत गेले. फॉइट आणि त्यांचे शिष्य माक्स रुबनर तेथे शरीरातील चयापचय आणि अन्नाची ऊर्जा यांवर संशोधन करीत होते. परतल्यावर ॲटवॉटर यांनी नियतकालिकांतून लेख लिहून उष्मांकांची कल्पना सर्वसामान्य अमेरिकन वाचकांपर्यंत नेली.

१८९४ मध्ये अमेरिकन काँग्रेसने मानवी पोषणाच्या संशोधनासाठी प्रथमच १०,००० डॉलरची तरतूद केली आणि या कामाची सूत्रे ॲटवॉटर यांच्याकडे आली. त्यांनी चार्ल्स वुड्स यांच्यासह तयार केलेली अमेरिकन खाद्यपदार्थांच्या रासायनिक घटकांची कोष्टके १८९६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्या सुधारित आवृत्त्या पुढे अनेक दशके वापरात होत्या.

आहार-सर्वेक्षणे

लोक प्रत्यक्षात काय व किती खातात, हे मोजण्यासाठी ॲटवॉटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर सर्वेक्षणे केली. सर्वेक्षणाच्या आरंभी घरातील सर्व शिधा तोलला जाई. त्यानंतर दररोज आणलेले जिन्नस नोंदवले जात आणि अखेरीस उरलेला साठा पुन्हा तोलला जाई. ताटात टाकलेले व फेकून दिलेले अन्नही जमा करून मोजले जाई. कुटुंबातील माणसांचे वय, लिंग आणि काम वेगवेगळे असल्यामुळे मध्यम श्रम करणारा पुरुष हे प्रमाण धरून स्त्रीचा वाटा ०.८ आणि लहान मुलांचा त्याहून कमी धरला जाई. त्यामुळे वेगवेगळ्या कुटुंबांची तुलना करता येई.

अशी पाहणी न्यूयॉर्कमधील गरीब वस्त्यांत, शिकागोतील स्थलांतरित कुटुंबांत आणि अलाबामातील कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबांत झाली. अलाबामातील पाहणी १८९५–९६ मध्ये टस्कीगी येथील संस्थेच्या साहाय्याने करण्यात आली. तेथील आहारात खारवलेले चरबीयुक्त डुकराचे मांस, मक्याचे पीठ आणि काकवी यांचाच भरणा होता. प्रथिनांचे प्रमाण फारच कमी असल्याचे अहवालात नोंदवले गेले.

श्वसन-उष्मामापक

पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक एडवर्ड रोझा यांच्या साहाय्याने ॲटवॉटर यांनी वेस्लियनच्या जड हॉल या इमारतीच्या तळघरात माणूस आत राहू शकेल असा उष्मामापक उभारला. सुमारे दोन मीटर लांब आणि एक मीटरहून थोड्या अधिक रुंदीच्या या खोलीत घडीची खाट, खुर्ची व मेज असे. आतली भिंत तांब्याची व तिच्या बाहेरची जस्ताची होती. दोन्ही भिंतींचे तापमान सतत सारखे राखल्यामुळे भिंतींतून उष्णता आत-बाहेर जात नसे. आतल्या माणसाच्या शरीरातून निघणारी उष्णता नळ्यांतून फिरणारे थंड पाणी शोषून घेई आणि त्या पाण्याच्या तापमानवाढीवरून ती मोजली जाई. खोलीतून जाणाऱ्या हवेतील कर्बवायू व बाष्प यांचेही मापन होत असे. अन्न दुहेरी झाकणाच्या खिडकीतून दिले जाई आणि मलमूत्राचे विश्लेषण केले जाई. एक प्रयोग अनेक दिवस अहोरात्र चाले व सहायकांना पाळ्या लावून काम करावे लागे.

माणसावरील पहिले प्रयोग १८९६ मध्ये झाले. या कामात फ्रान्सिस बेनेडिक्ट हे ॲटवॉटर यांचे प्रमुख सहकारी ठरले. काही प्रयोगांत आतील व्यक्ती स्वस्थ बसून राही, तर काहींत जागीच फिरणारी सायकल तासन्‌तास चालवी. विश्रांतीच्या दिवशी सुमारे सव्वादोन हजार किलोकॅलरी लागणाऱ्या व्यक्तीचा खर्च श्रमाच्या दिवशी दीडपट आणि कधी दुपटीहूनही अधिक होत असल्याचे आढळले. शरीरात आलेली ऊर्जा आणि बाहेर पडलेली उष्णता व काम यांची बेरीज एक टक्क्याहूनही कमी फरकाने जुळली. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मानवी शरीरालाही लागू पडतो, हे यावरून सिद्ध झाले.

ॲटवॉटर गुणक

अन्न प्रयोगशाळेत जाळल्यावर मिळणारी सर्व उष्णता शरीराला उपयोगी पडत नाही. काही अन्न न पचता बाहेर पडते आणि प्रथिनांतील काही ऊर्जा युरियाच्या रूपाने मूत्रावाटे जाते. ॲटवॉटर यांनी या दोन्ही घटी वजा केल्या. उदाहरणार्थ, एक ग्रॅम प्रथिन जाळल्यास सरासरी ५.६५ किलोकॅलरी मिळतात. त्यातून मूत्रावाटे जाणाऱ्या १.२५ वजा करून उरलेल्या ४.४ ला ९२ टक्के पचनीयतेने गुणल्यास उत्तर सुमारे ४ येते. अशाच रीतीने स्निग्ध पदार्थांसाठी ९ व कर्बोदकांसाठी ४ हे आकडे निघाले. हे गुणक मिश्र आहाराच्या सरासरीवर आधारलेले असल्याने एखाद्या विशिष्ट पदार्थाच्या बाबतीत, विशेषतः तंतुमय पदार्थ अधिक असल्यास, त्यांत फरक पडू शकतो.

मद्यार्काविषयीचा वाद

दारूच्या प्रश्नाचा अभ्यास करणाऱ्या पन्नास जणांच्या समितीसाठी ॲटवॉटर यांनी उष्मामापकात मद्यार्काचेही प्रयोग केले. थोड्या प्रमाणात घेतलेला मद्यार्क शरीरात जवळजवळ पूर्णपणे जळतो आणि साखर वा चरबीप्रमाणे ऊर्जा देतो, असा निष्कर्ष त्यांनी १८९९ मध्ये मांडला. मद्यार्क हे निव्वळ विष आहे, असे त्या काळी अमेरिकन शाळांतून शिकवले जात असे. त्यामुळे दारूबंदीच्या चळवळीने त्यांच्यावर कडाडून टीका केली. धर्मोपदेशकाच्या मुलाने मेथडिस्ट परंपरेच्या विद्यापीठातून असे सांगावे, हेही अनेकांना खटकले. दारूचे दुष्परिणाम ॲटवॉटर यांना मान्य होते. मात्र चांगल्या हेतूसाठीही मुलांना चुकीचे विज्ञान शिकवू नये, अशी त्यांची भूमिका होती.

टीका व मर्यादा

कमी पैशात अधिकाधिक प्रथिने व उष्मांक कसे मिळवावेत, हा ॲटवॉटर यांच्या आहारविषयक सल्ल्याचा गाभा होता. उंची मांस व कालवे यांऐवजी पीठ, घेवड्याचे दाणे आणि स्वस्त मांस घ्यावे, असे त्यांनी कामगारांना सुचवले. याच विचाराने बॉस्टनमध्ये १८९० मध्ये सुरू झालेल्या स्वस्त शिजवलेल्या अन्नाच्या न्यू इंग्लंड किचनला स्थलांतरित कामगारांचा फारसा प्रतिसाद मिळाला नाही. स्वस्तात जगा असे सांगणे म्हणजे मजुरीवाढ नाकारण्याची सबब होय, असा संशय कामगार पुढाऱ्यांना होता.

श्रमिक पुरुषासाठी दिवसाला १२५ ग्रॅम प्रथिनांचे त्यांचे प्रमाणही वादग्रस्त ठरले. येल येथील रसेल चिटेंडन यांनी १९०४ मध्ये त्याहून बऱ्याच कमी प्रथिनांवर प्रकृती उत्तम राहू शकते असे दाखवले.

सर्वांत मोठी उणीव ॲटवॉटर यांच्या पश्चात उघड झाली. उष्मांकांच्या हिशेबात हिरव्या भाज्या व फळे महाग ठरत, म्हणून त्यांवरील खर्च ते गरिबांसाठी फारसा फायद्याचा मानत नसत. जीवनसत्त्वांची कल्पना १९१२ च्या सुमारास पुढे आली, तेव्हा हा सल्ला अपुरा असल्याचे स्पष्ट झाले. मांसाची चरबी, मका व काकवी यांवर जगणाऱ्या दक्षिणेकडील गरिबांत विसाव्या शतकाच्या आरंभी पेलाग्रा हा रोग मोठ्या प्रमाणावर पसरला. तो आहारातील उणिवेमुळे होतो, हे जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ नंतरच्या संशोधनातून दाखवले. पोटात पुरेसे उष्मांक जाऊनही हा रोग होऊ शकत होता, कारण ज्या घटकाचा अभाव होता तो ॲटवॉटर यांच्या कोष्टकांत मोजलाच जात नव्हता. दुसरीकडे, सुस्थितीतील अमेरिकन लोक स्निग्ध व गोड पदार्थ गरजेपेक्षा अधिक खातात आणि त्या मानाने श्रम कमी करतात, हा त्यांनी दिलेला इशारा पुढील काळात महत्त्वाचा ठरला.

अखेरची वर्षे व वारसा

१९०४ मध्ये ॲटवॉटर यांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांचे संशोधन थांबले. तीन वर्षांनी मिडलटाउन येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी बेनेडिक्ट बॉस्टन येथील कार्नेगी संस्थेच्या नव्या पोषण प्रयोगशाळेचे संचालक झाले आणि हे संशोधन त्यांनी पुढे चालवले. कन्या हेलन ॲटवॉटर यांनी कृषी खात्यात राहून सर्वसामान्यांसाठी आहारविषयक पुस्तिका लिहिल्या.

खाद्यपदार्थांच्या वेष्टनांवर छापले जाणारे उष्मांक भारतासह अनेक देशांत आजही मुख्यतः ४, ९ आणि ४ या गुणकांनी काढले जातात. शिधा तोलून आहार मोजण्याची पद्धत आणि बंद खोलीत ऊर्जाखर्च मोजण्याचे तंत्र सुधारित रूपात अजूनही पोषण-संशोधनात वापरले जाते.

वर्ग: अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ, पोषणशास्त्रज्ञ, इ.स. १८४४ मधील जन्म, इ.स. १९०७ मधील मृत्यू