वाळवंटाची वाटसरू : गर्ट्रूड बेल

डिसेंबर १९१३. दमास्कसच्या पूर्वेकडील ओसाड माळावर काही तंबू उभे होते. रात्रीच्या थंडीने त्यांचे कापड गोठून पत्र्यासारखे ताठ झाले होते. ते गुंडाळून उंटांवर लादायचे तर आधी आत शेकोटी पेटवून बर्फ वितळवावा लागे. वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रणरणते ऊन उभे राहते; तेथील हिवाळ्याची कल्पना मुंबई-पुण्याच्या माणसाला सहसा नसते. या तांड्याच्या प्रमुख होत्या पंचेचाळीस वर्षांच्या अविवाहित इंग्रज प्रवासी गर्ट्रूड बेल. त्यांना अरबस्तानच्या अंतर्भागातील हाईल गाठायचे होते.

१४ जुलै १८६८ रोजी इंग्लंडमधील डरहॅम परगण्यात त्यांचा जन्म झाला. आजोबा लोखंड-पोलादाचे मोठे कारखानदार; घरी पैशाला तोटा नव्हता. आई मात्र त्या तीन वर्षांच्या असतानाच गेली. ऑक्सफर्डमध्ये आधुनिक इतिहासात प्रथम वर्ग मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या, तेव्हा साल होते १८८८. ऑक्सफर्ड त्या काळी स्त्रियांना पदवीच देत नसे! पुढे १८९२ मध्ये तेहरानला गेल्या असता ब्रिटिश वकिलातीतील हेन्री कॅडोगन या तरुणाशी त्यांचे सूर जुळले. कफल्लक जावई वडिलांना नको होता. मुलीने आज्ञा मानली. वर्षभरात कॅडोगन मरण पावला. फारसी भाषा मात्र त्यांच्याजवळ राहिली. हाफिजच्या कवितांचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १८९७ मध्ये प्रसिद्ध झाला. मग आल्प्सची शिखरे, जेरुसलेममध्ये अरबी भाषेचा अभ्यास आणि १९०० पासून वाळवंट.

बेल यांचा मुक्काम हा पाहण्यासारखा प्रकार असे. एक तंबू झोपण्याचा, दुसरा लिहिण्या-वाचण्याचा. घडीची खाट, कापडी न्हाणीटब, चिनीमातीची भांडी, पुस्तके, स्वच्छ चादरी असा सारा सरंजाम उंटांच्या पाठीवरून चाले. हा श्रीमंती थाट होताच. पण नुसता थाट नव्हता. टोळीच्या शेखसमोर बसायचे तर आपणही कोणीतरी आहोत हे दिसले पाहिजे, ही जाण त्यामागे होती. खरे संरक्षण बंदुकांपेक्षा ‘रफीक’ करीत. ज्या टोळीच्या मुलखातून जायचे, तिचा एक माणूस मोबदला देऊन सोबत घ्यायचा. तो असेपर्यंत त्या टोळीने हात लावायचा नाही, असा वाळवंटाचा अलिखित कायदा होता. रात्री त्याच्याच शेजारी शेकोटीपाशी बसून कॉफी पीत बेल कोणाचे कोणाशी वैर, कोणती विहीर कोणाची, हे टिपून घेत. हातात थिओडोलाइट असे, त्यावरून नकाशा तयार होई.

या प्रवासाला ऑटोमन अधिकारी आणि ब्रिटिश सरकार या दोघांचाही विरोध होता. वाटेत तुर्कांनी अडवले, तेव्हा आपल्या जिवाची जबाबदारी आपलीच, असे लिहून देऊन त्या पुढे निघाल्या. फेब्रुवारी १९१४ च्या अखेरीस हाईल आले. तरुण अमीर टोळ्यांवरील मोहिमेत गुंतलेला, कारभार त्याच्या नातेवाइकांच्या हाती. पाहुणचाराच्या नावाखाली बेल यांना एका वाड्यात अकरा दिवस अडकवून ठेवण्यात आले. हुंडीचे दोनशे पौंड मिळेनात, बाहेर पडता येईना. अखेर त्यांनी सडेतोड शब्दांत निघण्याची परवानगी मागितली, आणि अनपेक्षितपणे पैशांसह ती मिळाली. शहराची छायाचित्रे काढून त्या बगदादमार्गे मे महिन्यात दमास्कसला परतल्या. या प्रवासात त्या दोन दैनंदिन्या लिहीत होत्या. त्यातली एक डिक डाउटी-वायली या विवाहित लष्करी अधिकाऱ्यासाठी होती. एप्रिल १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत तो मारला गेला.

महायुद्धाने वाळवंटातील त्या टिपणांना वेगळीच किंमत आणली. विहिरी, वाटा, वैरे हे सारे आता लष्करी गुपित झाले. कैरोतील गुप्तवार्ता विभागाने त्यांना बोलावले. १९१६ च्या आरंभी त्या दिल्लीत व्हाइसरॉय हार्डिंग यांना भेटल्या व तेथून बसऱ्याला गेल्या. त्याच सुमारास कुत येथे वेढ्यात अडकलेली सहावी पूना डिव्हिजन अन्नावाचून तडफडत होती. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. २९ एप्रिलला त्या फौजेने शरणागती पत्करली. इराकच्या कहाणीत आपल्याकडच्या खेड्यापाड्यांतील रक्तही मिसळले आहे, हे सहसा सांगितले जात नाही.

ज्यांच्या तंबूत कॉफी प्यायली, त्यांच्याच भूमीचे भवितव्य पुढे बेल यांच्या टेबलावर आले. १९२१ च्या कैरो परिषदेत त्या सहभागी होत्या. त्याच वर्षी फैसल इराकचा राजा झाला, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. शिया, सुन्नी आणि कुर्द यांना एका राज्यात बांधण्याचे श्रेय द्यायचे की दोष, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. त्यांना अरब माणूस कळत होता, हे निर्विवाद. पण तो साम्राज्याच्या चौकटीतच त्या पाहत होत्या. स्वतः असे स्वतंत्र आयुष्य जगणाऱ्या या बाईंनी इंग्लंडमध्ये स्त्रियांच्या मताधिकाराला विरोध केला होता, हेही विसरता येत नाही.

फैसलला सल्ल्याची गरज उरली नाही, तेव्हा त्यांनी स्वतःला बगदादच्या पुराणवस्तू संग्रहालयाला वाहून घेतले. प्रकृती ढासळली होती, घरची संपत्ती ओसरत होती, धाकटा भाऊ नुकताच गेला होता. १९२६ च्या जुलैमध्ये, अठ्ठावन्नाव्या वाढदिवसाच्या दोन दिवस आधी, झोपेच्या गोळ्यांच्या अतिसेवनाने त्यांचे निधन झाले. बगदादमधील ब्रिटिश दफनभूमीत त्यांची कबर आहे. त्यांनी उभारलेले संग्रहालय एप्रिल २००३ मध्ये लुटले गेले आणि २०१५ मध्ये पुन्हा उघडले. वाळवंटात काढलेली त्यांची हजारो छायाचित्रे न्यूकॅसल विद्यापीठात जपून ठेवलेली आहेत. त्यांतील कित्येक वास्तू आज जागेवर शिल्लक नाहीत.