शास्त्राचा ओळंबा : यान हुस ह्याचे चरित्र

गवंडी भिंत रचीत असता मधून मधून ओळंबा सोडून पाहतो. भिंत बापाने रचली की मुलाने, दगड खाणीतून आणला की नदीतून, हे ओळंबा विचारीत नाही. तो सरळ लोंबतो आणि भिंत कोठे झुकली आहे एवढेच दाखवितो. मंडळीत जे शिकविले जाते आणि जे पिढ्यानपिढ्या चालत आले आहे, त्यालाही असा एक ओळंबा लावावा लागतो. तो म्हणजे पवित्र शास्त्र होय. हे आज आपणांस सोपे वाटते. परंतु सहाशे वर्षांपूर्वी बोहेमिया देशातील एका पाळकाने हीच एक मागणी धरून ठेविली, आणि तिच्यापायी त्याला प्राण द्यावे लागले.

यान हुस ह्याचा जन्म १३७० च्या सुमारास दक्षिण बोहेमियात, हुसिनेत्स नावाच्या खेड्यात झाला. हा प्रांत सध्याच्या चेक प्रजासत्ताकात आहे. घर गरिबीचे होते. प्रार्थना करावयास त्याला आईने शिकविले. पुढे तो प्राग शहरी विद्यापीठात गेला. धर्मगुरू व्हावे असे त्याला वाटे. परंतु त्याने स्वतःच पुढे लिहून ठेविले आहे की, त्या इच्छेच्या मुळाशी देवाची सेवा नसून पोटापाण्याची सोय व लोकांतील मान ही होती. १३९३ साली प्रागमध्ये पापाच्या दंडाची माफी देणारी क्षमापत्रे विकली जात होती, तेव्हा ह्या विद्यार्थ्याने खिशातील शेवटची नाणी देऊन तीही घेतली. तेव्हा हा मनुष्य जन्मापासून सुधारक होता असे नाही. १३९६ साली तो विद्यापीठात पंडिताच्या पदवीस पोहोचला व १४०० साली त्याला धर्मगुरूची दीक्षा मिळाली. शास्त्र समजून वाचू लागल्यावर त्याचे मन पालटले. ओळंबा पहिल्याने त्याच्या स्वतःच्याच भिंतीला लागला.

त्या काळी मंदिरांतील उपासना लॅटिन भाषेत चाले आणि सामान्य माणसाला तिचे फारसे काही कळत नसे. म्हणून काही गृहस्थांनी १३९१ साली प्रागमध्ये बेथलेहेम नावाचे प्रार्थनामंदिर उभारले होते. तेथे चेक भाषेत, म्हणजे लोकांच्या घरच्या भाषेत, उपदेश व्हावा असा नियम होता. त्यात सुमारे तीन हजार माणसे मावत. १४०२ साली हुसची तेथे नेमणूक झाली. कारागीर, दासी, विद्यार्थी, सरदार, सर्व एकत्र येऊन ऐकत. शास्त्र लोकांच्या कानी त्यांच्याच बोलीत पडू लागले, तेव्हा गुरू सांगतो ते शास्त्रात आहे की नाही, हे पाहण्याची सोयही त्यांना झाली.

लवकरच ह्या कसोटीचा एक प्रसंग आला. जर्मनीत विल्सनाक ह्या गावी एक मंदिर जळाले होते. त्याच्या राखेत प्रभुभोजनाच्या तीन भाकरी सापडल्या, त्यांवर ख्रिस्ताच्या रक्ताचे डाग आहेत व त्यांच्या योगे रोगी बरे होतात, अशी ख्याती पसरली होती. दुरून दुरून यात्रेकरूंच्या झुंडी तेथे जात. १४०५ च्या सुमारास प्रागच्या आर्चबिशपाने हुस व इतर दोन पंडित ह्यांस चौकशीस नेमिले. त्यांनी साक्षी घेतल्या. ज्या मुलाचा पाय बरा झाला म्हणत, त्याचा पाय पूर्वीहून वाईट निघाला. प्रागचा एक गृहस्थ आपल्या पंगू हाताकरिता चांदीचा हात वाहून आला होता. तो अजून गर्दीतच उभा असता तेथील धर्मगुरूने चांदीचा हात वर धरून त्याचा हात बरा झाल्याचे जाहीर केले. तेव्हा त्याने तसाच पंगू असलेला हात उंच करून सर्वांस दाखविला. हुसने ह्यावर पुस्तक लिहिले. ख्रिस्त गौरवाने उठला आहे, त्याचे रक्तही त्याच्याबरोबर गौरविले गेले आहे, म्हणून ते पृथ्वीवर कोठे पूजेस ठेवलेले असू शकत नाही. आणि ज्याचा शास्त्रावर विश्वास आहे त्याला अशा चमत्कारांची गरज नाही, असे त्याने दाखविले. आर्चबिशपाने ती यात्रा आपल्या लोकांस बंद केली. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. हुसने नुसते शास्त्रवचन पुढे केले नाही; त्याने खरे काय घडले ह्याचीही कसून विचारपूस केली.

त्या दिवसांत इंग्लंडातील जॉन विक्लिफ ह्याचे ग्रंथ प्रागला आले होते. विक्लिफ १३८४ साली निवर्तला होता. शास्त्र हेच मंडळीचे श्रेष्ठ प्रमाण, हे त्याचे शिक्षण हुसला फार आवडले. परंतु त्याने विक्लिफाचे सर्वच मत उचलले नाही. प्रभुभोजनातील भाकरीविषयी विक्लिफ जे शिकवी ते हुसने मान्य केले नाही. त्या बाबतीत तो आपल्या काळच्या मंडळीचेच मत धरून राहिला. आवडत्या गुरूलाही त्याने आंधळेपणाने मानले नाही. १४१० साली प्रागच्या आर्चबिशपाने विक्लिफाचे दोनशेहून अधिक ग्रंथ आपल्या वाड्यात जाळविले व प्रार्थनामंदिरांतील उपदेशास बंदी केली. ग्रंथ जाळल्याने त्यांतील चूक सिद्ध होत नाही, हे हुसने सांगितले आणि उपदेश चालू ठेविला.

१४१२ साली परीक्षा अधिक कठीण झाली. त्या वेळी पोपपदावर तिघेजण हक्क सांगत होते. त्यांपैकी तेविसावा जॉन ह्याने नेपल्सच्या राजाशी युद्ध मांडिले आणि त्यासाठी पैसा देणाऱ्यांस क्षमापत्रे देवविली. बोहेमियाच्या राजाला त्या पैशाचा वाटा मिळणार होता. राजाच आजवर हुसचा पाठीराखा होता; त्याला दुखविणे म्हणजे आधार तोडणे होते. तरी हुसने उघड सांगितले की, क्षमा देव पश्चात्ताप करणाऱ्यास देतो, ती विकत मिळत नाही, आणि ख्रिस्ताच्या सेवकाने युद्धासाठी तरवार उचलणे त्याच्या शिक्षणास धरून नाही. जवळचे मित्र त्याला सोडून गेले. क्षमापत्रांस मंदिरात विरोध करणाऱ्या तिघा तरुणांचा शिरच्छेद झाला. पुढे हुस जोवर शहरात आहे तोवर प्रागमध्ये उपासना व धर्मविधी बंद ठेवावे, असे फर्मान निघाले. तेव्हा लोकांस त्रास होऊ नये म्हणून, आपला न्याय ख्रिस्तावर सोपवून, तो ऑक्टोबर महिन्यात शहराबाहेर पडला.

पुढील दोन वर्षे तो खेड्यापाड्यांतून फिरला व जेथे लोक जमतील तेथे उपदेश करीत राहिला. ह्याच काळात त्याने मंडळीविषयी आपला मोठा ग्रंथ व चेक भाषेत प्रवचनांचे पुस्तक लिहिले. मंडळीचे मस्तक ख्रिस्त आहे, आणि पुढाऱ्याची आज्ञा ख्रिस्ताच्या आज्ञेस धरून असेल तोवरच ती बांधते, हा त्या ग्रंथाचा सारांश.

१४१४ साली कॉन्स्टन्स शहरी सर्व पश्चिम ख्रिस्ती जगाची सभा भरली. सम्राटपदावर येणाऱ्या सिगिस्मुंड राजाने हुसला सुरक्षित जाण्यायेण्याचे अभयपत्र दिले. ३ नोव्हेंबर रोजी तो तेथे पोहोचला आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेस अभयपत्र असूनही त्याला अटक झाली. शौचकूपाशेजारच्या कोठडीत तो तापाने मरणास टेकला होता. पुढे त्याला एका गढीत बेड्या घालून ठेविले.

सभेतील पंडित अडाणी नव्हते. शास्त्र तेही वाचीत. भांडण ह्याविषयी होते की, सभेने निकाल दिल्यावर पुन्हा शास्त्र उघडून पाहावयाचे की नाही. जून १४१५ मध्ये तीन वेळा हुसची सुनावणी झाली. जे आपण कधी शिकविलेच नाही ते सोडल्याची शपथ घेणे म्हणजे खोटी शपथ होईल, असे तो म्हणाला. जे शिकविले त्यात चूक असेल तर शास्त्रावरून दाखवावी, आपण आनंदाने ती सोडू, एवढेच तो मागत होता. एका पंडिताने त्याला समजाविले की, तुला एकच डोळा आहे असे सभेने म्हटले तरी होय म्हणावे. हुसने उत्तर दिले की, शुद्धीवर असेपर्यंत आपल्या विवेकाला दुखविल्याशिवाय तसे म्हणता येणार नाही. नवल हे की, ज्या पोपाच्या क्षमापत्रांस त्याने विरोध केला होता, त्याला ह्याच सभेने २९ मे रोजी अपराधी ठरवून पदावरून काढिले होते.

६ जुलै १४१५ रोजी मोठ्या मंदिरात त्याची धर्मगुरूची वस्त्रे उतरविली, भुतांची चित्रे काढलेली कागदी टोपी डोक्यावर ठेविली आणि शहराबाहेर त्याला जिवंत जाळिले. चिता पेटविण्यापूर्वी मते सोडून प्राण वाचविण्याची संधी शेवटची दिली गेली. तो प्रार्थना करीत राहिला. त्याची राख ऱ्हाईन नदीत टाकली. पुढे १४५७ साली त्याच्या शिक्षणाच्या छायेत बोहेमियात बंधूंची मंडळी उभी राहिली. तिच्याच वंशातील मोरेव्हियन मिशनरी १८८५ साली लडाखातील लेह येथे वसले. १९९९ साली रोमच्या पोपाने हुसच्या क्रूर मरणाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला.

बंधुभगिनींनो, ह्या चरित्रातून घ्यावयाचे ते हे. शास्त्राचा ओळंबा दुसऱ्याच्या भिंतीस लावावयास प्रत्येकजण तयार असतो. परका उपदेशक आला, शेजारच्या गावी नवीन पंथ निघाला, की आपण लागलीच वचने काढतो. हुसची थोरवी त्यात नाही. त्याने ओळंबा स्वतःच्या लोभास लाविला, जवळच्या चमत्कारास लाविला, आवडत्या गुरूस लाविला, पोसणाऱ्या राजास लाविला, आणि शेवटी आपली भिंत सर्वांपुढे उघडी करून ती तपासा अशी विनंती केली. मनास येईल तसा अर्थ करणारा अशी विनंती करीत नाही.

बिरुया गावचे लोक पौलाचे शिक्षण खरे आहे की नाही हे रोज शास्त्रात पाहत, म्हणून शास्त्रात त्यांची वाखाणणी आहे. आणि पौलाला त्याचा राग आला असे कोठे लिहिलेले नाही. तेव्हा शिक्षक बंधूंनो, मंडळीतील एखादी म्हातारी वा नुकताच वाचू लागलेला मुलगा उपदेशानंतर येऊन हे कोठे लिहिले आहे असे विचारील, तर तोंड फिरवू नका. पुस्तक उघडा, तिच्याबरोबर वाचा. तेथे लिहिलेले सापडले तर दोघांचा विश्वास वाढेल. न सापडले तर दोघेही पडत्या भिंतीखालून वाचाल. प्रभू आपणां सर्वांस असे सरळ मन देवो.