रँडीचा टोन कुठे मिळतो?

इलेक्ट्रिक गिटार हातात आली की पहिल्या काही महिन्यांत ‘क्रेझी ट्रेन’चा रिफ शिकायचा, हा जणू अलिखित नियमच. रिफ बोटांत बसतो, स्वरही बरोबर लागतात. पण आवाज? तो काही केल्या रेकॉर्डसारखा येत नाही. आपला येतो तो डबीत अडकलेल्या माशीसारखा. मग शोधाशोध सुरू होते. कुठलं पेडल, कुठला अ‍ॅम्प, कितीला पडेल आणि मुख्य म्हणजे घरी काय सांगायचं!

हा आवाज ज्याचा, तो रँडी ऱ्होड्स जाऊन चाळीसहून जास्त वर्षं झाली. जगला अवघी पंचवीस वर्षं. ऑझी ऑस्बॉर्नबरोबर त्याने स्टुडिओत दोनच अल्बम केले. तरी आजही जगभरची पोरं त्याचा टोन शोधतायत. त्याच्या सामानाची यादी कुठेही मिळेल. पण ते सामान त्याने तसं का वापरलं, हे कळायला त्याचं आयुष्य बघावं लागतं.

आईची शाळा

रँडीचा जन्म ६ डिसेंबर १९५६चा, कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाचा. तीन भावंडांत धाकटा. तो अगदी तान्हा असताना वडील घर सोडून गेले. आई डेलोरेस नॉर्थ हॉलिवूडमध्ये ‘म्यूझोनिया’ नावाची संगीतशाळा चालवायची. त्या शाळेवरच घर चाले. त्यामुळे घरात संगीत म्हणजे छंद नव्हता, रोजचं काम होतं. सहा-सात वर्षांचा असताना आजोबांची जुनी गिब्सन गिटार त्याच्या हाती आली. नोटेशन वाचता यावं म्हणून आईने पियानोही शिकायला लावला. पुढे इलेक्ट्रिक गिटार शिकवणाऱ्या शिक्षकाने थोड्याच दिवसांत हात टेकले. याला शिकवण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही, असं त्याने आईला सांगून टाकलं.

शाळकरी दोस्त केली गार्नी याच्याबरोबर त्याने बँड काढला. गायक म्हणून केव्हिन डुब्रो आला आणि बँडचं नाव पडलं ‘क्वाएट रायट’. लॉस एंजेलिसच्या क्लबांत त्यांना गर्दी व्हायची, पण अमेरिकेत एकही कंपनी रेकॉर्ड काढायला तयार होईना. १९७८ मध्ये त्यांचे दोन अल्बम आले, तेही फक्त जपानात! रात्री स्टेजवर चमकणारा हा हिरो दिवसा आईच्या शाळेत पोरांना गिटार शिकवायचा. एकामागून एक विद्यार्थी, तोच धडा पुन्हा पुन्हा. त्याच्या बोटांतला काटेकोरपणा या वर्गांतही घडला.

ऑझीची हाक

१९७९ मध्ये ‘ब्लॅक सॅबथ’ने ऑझीला काढून टाकलं. दारूत बुडालेला ऑझी नव्या बँडसाठी गिटारिस्ट शोधत होता. रँडीला खरं तर फारसा उत्साह नव्हता. तरी तो छोटा प्रॅक्टिस अ‍ॅम्प घेऊन गेला. सांगतात ते असं, की तो नुसता वॉर्म-अप करत होता आणि तेवढ्यावरच काम मिळालं.

१९८० मध्ये इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या ‘रिज फार्म’ स्टुडिओत ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’ रेकॉर्ड झाला. पुढच्या वर्षी तिथेच ‘डायरी ऑफ अ मॅडमॅन’. पहिल्या अल्बममध्ये, सगळ्या गडगडाटाच्या मधोमध, एक मिनिटभराचा छोटा शास्त्रीय गिटारचा तुकडा आहे. नाव ‘डी’, म्हणजे आई डेलोरेस. मेटलच्या अल्बममध्ये आईसाठी हळुवार गिटार वाजवायला तेव्हाही धाडसच लागत असणार.

आता त्या आवाजाकडे

रँडीकडे १९७४ची क्रीम रंगाची लेस पॉल कस्टम होती. दुसरी, कार्ल सँडोव्हालने बनवलेली पोलका डॉट्सची ‘व्ही’. पुढे त्याने ग्रोव्हर जॅक्सनकडे जाऊन स्वतःच्या डोक्यातलं डिझाइन मांडलं. एक पंख लांब, एक आखूड, अशी ती पांढरी गिटार. जॅक्सन हे नाव मिरवणाऱ्या गिटारींची सुरुवात तिथूनच झाली.

अ‍ॅम्प होता १०० वॉटचा मार्शल सुपर लीड. या अ‍ॅम्पला मास्टर व्हॉल्यूम नसतो. म्हणजे आवाज फाटायला हवा असेल तर अ‍ॅम्पच जोरात लावायचा, दुसरा इलाज नाही. त्याच्या पुढे एमएक्सआर कंपनीचं पिवळं ‘डिस्टॉर्शन प्लस’. दोनच बटणं: डिस्टॉर्शन आणि आउटपुट. आत एक साधा ऑप-अ‍ॅम्प आणि दोन जर्मेनियमचे डायोड. गिटारचा सिग्नल ठरावीक पातळीच्या वर गेला की डायोड त्याचा माथा कापतात. आपल्याला ऐकू येणारी धार ती हीच. नुसतं ऐकलं तर हे पेडल जरा पातळ, चरचरीत वाटतं. पण रँडी ते आधीच तापलेल्या मार्शलला आणखी ढकलायला वापरायचा. पेडलची धार आणि अ‍ॅम्पचं वजन, दोन्ही मिळून तो आवाज होतो.

तिसरी गोष्ट दहा पट्ट्यांचा इक्वलायझर. इथे बहुतेक जण फसतात. मेटल म्हटलं की आपण बास वर, ट्रेबल वर आणि मिड्स खाली करतो. खोलीत एकट्याने वाजवताना ते भारी वाटतं. बँडबरोबर वाजवलं की बास गिटार खालची जागा खाते, झांजा वरची, आणि आपली गिटार गायब! रँडीचा आवाज मिड्सचा आहे, म्हणून तो गर्दीतून अगदी नाकासमोर येतो.

पण सगळ्यात मोठं गुपित दुकानात मिळतच नाही. इंजिनीअर मॅक्स नॉर्मनबरोबर काम करताना रँडी आपले सोलो एकदा नव्हे, तीन-तीनदा वाजवायचा. एक टेक मधे, बाकीचे डाव्या-उजव्या बाजूला. प्रत्येक बेंड, प्रत्येक व्हायब्रेटो पहिल्यासारखाच. तीन टेकमधले बारीक फरक मिसळले की आवाज रुंद आणि जाड होतो. आपण ज्याला महागड्या अ‍ॅम्पची जादू समजतो, त्यातला मोठा वाटा या तिहेरी मेहनतीचा आहे. एकच गोष्ट हुबेहूब तीनदा वाजवणं कोणाला जमेल? वर्षानुवर्षं तोच धडा न कंटाळता वाजवून दाखवणाऱ्यालाच.

हॉस्टेलच्या खोलीत हे कसं करायचं?

१०० वॉटचा अ‍ॅम्प लावलात तर रेक्टर सामानासकट बाहेर काढतील. तेव्हा हे करून बघा:

- मार्शलच्या वळणाचा छोटा अ‍ॅम्प किंवा लॅपटॉपवरचा अ‍ॅम्प सिम्युलेटर घ्या. तो साफही नको आणि पूर्ण फाटलेलाही नको, कडेवर ठेवा.
- त्यापुढे डिस्टॉर्शन प्लस किंवा त्याच सर्किटवरचं स्वस्त पेडल. डिस्टॉर्शनचं बटण मध्यावर, आउटपुट मात्र वर.
- गेन वाटतो त्याहून कमी ठेवा. गेन चुका झाकतो, पण सुटे सुटे स्वरही गिळतो.
- मिड्स वाढवा. ५०० हर्ट्झ ते १ किलोहर्ट्झच्या आसपास थोडं थोडं वर करत कान द्या.
- ब्रिजचा हंबकर पिकअप वापरा. पाम म्यूट करताना तळहाताची कड अगदी ब्रिजवर टेकवा.
- मग रेकॉर्ड करा. तोच रिफ दुसऱ्यांदा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे टाका. कॉपी-पेस्ट चालणार नाही. दोन टेक एकसारखे असतील तर आवाज रुंद होत नाही, फक्त मोठा होतो.

पहिल्यांदा ऐकाल तेव्हा दोन टेक एकमेकांशी भांडताना दिसतील. तिथे नवं पेडल कामाला येत नाही, मेट्रोनोम येतो. आणि तो फोनवर फुकट आहे.

अर्धवट राहिलेला अभ्यास

नाव झालं, पैसा आला, पण रँडीचं मन दुसरीकडे ओढत होतं. टूरवर ज्या गावात मुक्काम असेल तिथे तो शास्त्रीय गिटारचा शिक्षक शोधून धडे घ्यायचा. हजारो लोकांसमोर वाजवणारा हा पोरगा दुपारी कुणा अनोळखी शिक्षकापुढे विद्यार्थी म्हणून बसायचा. रॉक बाजूला ठेवून शास्त्रीय गिटारची पदवी घ्यायची, असं त्याने जवळच्यांना सांगितलंही होतं. १९८२च्या सुरुवातीला ‘ब्लॅक सॅबथ’च्या जुन्या गाण्यांचा लाइव्ह अल्बम करायचं ठरलं, तेव्हाही तो नाराज होता. त्याला मागे नाही, पुढे जायचं होतं.

१८ मार्च १९८२ला टेनेसीतल्या नॉक्सव्हिलला शो झाला. तिथून ऑर्लँडोला जाताना बस फ्लोरिडातल्या लीसबर्गला थांबली. १९ मार्चच्या सकाळी बसच्या ड्रायव्हरने तिथलं एक छोटं विमान बाहेर काढलं. विमानाची भीती वाटणारा रँडी त्यात बसला. बरोबर मेकअप आर्टिस्ट रेचेल यंगब्लड होती. ड्रायव्हर विमान बसवरून अगदी खालून नेत होता. एका फेरीत पंख बसला घासला आणि विमान पुढच्या घरावर जाऊन पेटलं. तिघेही गेले. ड्रायव्हरच्या शरीरात कोकेन सापडलं. ऑझी तेव्हा बसमध्ये झोपलेला होता.

पुढच्याच वर्षी ‘क्वाएट रायट’चा ‘मेटल हेल्थ’ अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. ज्या बँडला एके काळी रँडी असूनही कोणी दारात उभं करत नव्हतं, त्याच बँडला हे यश त्याच्याशिवाय मिळालं. १९८७ मध्ये त्याच्या लाइव्ह वादनाचा ‘ट्रिब्यूट’ आला. २०२१ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्याचा सन्मान केला.

आणि म्यूझोनिया? लेक गेल्यावरही डेलोरेसबाईंनी शाळा चालूच ठेवली. जगभरातून चाहते नॉर्थ हॉलिवूडच्या त्या साध्या इमारतीत येत राहिले. कुणाला रँडीची खोली बघायची असे, कुणाला त्याची गिटार. तिथे शेजारच्या वर्गात मात्र कुणीतरी नवा विद्यार्थी तोच धडा पुन्हा पहिल्यापासून वाजवत असायचा.