उभ्या-आडव्या शब्दांचा छळवादी

आमच्या घरी सकाळी वर्तमानपत्र आले की त्याची लगेच वाटणी होते. बातम्यांची पाने वडिलांकडे जातात आणि शब्दकोड्याचे पान आजोबांकडे. आजोबा रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. मराठी शब्दकोडे ते चहा निवायच्या आत संपवतात आणि मग इंग्रजी पत्रातले 'क्रिप्टिक' कोडे मांडीवर घेऊन दुपारच्या जेवणापर्यंत बसतात. अकरावीत असताना मी त्यांच्या शेजारी बसलो तो अजून उठलेलो नाही. परीक्षेच्या दिवसांतही नाही, हे प्राध्यापकांनी मोठ्या मनाने वाचून सोडून द्यावे.

या कोड्याचा प्रकार ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. साध्या शब्दकोड्यात 'गरीब' असे शोधसूत्र असते आणि आपण 'दीन' असे उत्तर लिहितो. क्रिप्टिक कोडेकार हीच गोष्ट अशी विचारील: नदी उलटी वाहिली आणि गरीब झाली, दोन अक्षरे. आपण नदी, पूर, दुष्काळ असा विचार करीत बसतो आणि तो मात्र 'नदी' ही अक्षरे नुसती उलटी वाचायला सांगत असतो. किंवा असे: जंगलातला सुगंध रामाला चौदा वर्षे पुरला, चार अक्षरे. जंगल म्हणजे वन, सुगंध म्हणजे वास. पुढचे सांगायला नको. किंवा: तापलेली, गोंधळलेली मगर, तीन अक्षरे. मगरीची अक्षरे विस्कटली की ती 'गरम' होते. ही तिन्ही सूत्रे माझीच आहेत, तेव्हा त्यांतले दोष कोणा कोडेकाराच्या माथी मारू नयेत.

शब्दांची चौकट प्रथम छापली गेली ती अमेरिकेत. मूळचे लिव्हरपूलचे आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यू यॉर्क वर्ल्ड' या पत्रात शंकरपाळ्याच्या आकाराचे एक कोडे दिले. पण त्यातली सूत्रे सरळ होती. सरळ वाट सोडून सगळीच्या सगळी सूत्रे आडवळणाची करावीत, ही खोड इंग्लंडमधली. ती ज्याने प्रथम लावली असे मानतात, त्या गृहस्थांची ही हकीकत. त्यांचे नाव एडवर्ड पॉइस मॅदर्स. जगाने मात्र त्यांना ओळखले ते 'टॉर्केमाडा' या टोपणनावाने.

टॉर्केमाडा हा खरा कोण होता, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना माहीत असेल. इन्क्विझिशन म्हटले की आपल्याला गोवा आठवतो. तिथले इन्क्विझिशन १५६० सालचे. तोमास दे टॉर्केमाडा हा त्याआधीचा, स्पेनमधला. १४८३ मध्ये तो तिथला मुख्य धर्मन्यायाधीश झाला आणि वास्को द गामा कालिकतला उतरला त्याच वर्षी, १४९८ मध्ये, मेला. छळ आणि टॉर्केमाडा हे शब्द युरोपात जोडीनेच उच्चारले जातात. वाचकांना दर रविवारी चौकटीत डांबून त्यांच्याकडून उत्तरे वदवून घेणाऱ्या माणसाने हेच नाव घ्यावे, यात त्याचा विनोद दिसतो आणि थोडी फुशारकीही.

मॅदर्स यांचा जन्म २८ ऑगस्ट १८९२ चा, लंडनच्या फॉरेस्ट हिल भागातला. वडील वृत्तपत्राचे मालक, म्हणजे छापील अक्षर घरातच होते. शिक्षण लॉरेटो शाळेत आणि पुढे ऑक्सफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात झाले. कोडी रचण्याच्या आधी ते कवी आणि भाषांतरकार होते. 'अरेबियन नाइट्स'चे मार्द्र्यूस यांनी केलेले फ्रेंच भाषांतर त्यांनी इंग्रजीत आणले (१९२३). ते आजही दोघांच्या जोडनावाने ओळखले जाते. आशियातल्या प्रेमकवितांचा एक संग्रहही त्यांनी काढला. त्यांच्या काही कवितांना आरन कोपलँड या अमेरिकन संगीतकाराने चाली लावल्या.

१९२५ मध्ये ते एका साप्ताहिकात कोडी देऊ लागले आणि पुढच्याच वर्षी 'ऑब्झर्व्हर' या रविवारच्या पत्रात गेले. तिथे ते मरेपर्यंत, म्हणजे १९३९ पर्यंत राहिले. तेरा वर्षांत सुमारे पावणेसातशे कोडी झाली. काळी घरे टाकून त्यांनी घरांच्या मध्ये जाड रेघा ओढल्या, त्यामुळे चौकटीत शब्द दाट बसू लागले. कधी सगळी सूत्रे यमक जुळवून पद्यात लिहिली, कधी सगळ्या कोड्याची मिळून एक गोष्ट केली. कामाची वाटणी मोठी घरगुती होती. शब्दांची यादी ते काढीत आणि ते शब्द चौकटीत बसवण्याचे किचकट काम त्यांच्या पत्नी रोझामंड करीत. टोपणनाव एकट्याचे, छळ मात्र दोघांनी मिळून केलेला! तरी लोक हौसेने छळून घेत. बरोबर उत्तरे पत्राकडे हजारांनी येत.

आता माझे आणि आजोबांचे भांडण सांगतो. माझ्या मामेभावाने टॉर्केमाडाचे एक जुने कोडे कुठून तरी छापून मला पाठवले. मी दोन महिने त्याच्याशी झुंजलो आणि फक्त नऊ शब्द भरले. त्यांतलेही दोन पुढे चुकीचे निघाले. आजोबांनी ते आठवडाभर जवळ ठेवले आणि एकही अक्षर न लिहिता परत दिले. त्यांचे मत असे पडले की हा माणूस विद्वान आहे, पण घराला दार ठेवीत नाही. कोडेकाराने वाटेल तितके फसवावे, मात्र उत्तर कळल्यावर सोडवणाऱ्याला आपल्या कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला पाहिजे, कोडेकाराच्या नव्हे. मी टॉर्केमाडाची बाजू घेतली. अवघड आहे म्हणून अन्याय आहे, असे कसे?

पुढे वाचत गेलो तेव्हा कळले की इंग्लंडातही हेच भांडण झालेले आहे आणि तिथे निकाल आजोबांच्या बाजूने लागलेला आहे. मॅदर्स यांच्या जागी 'ऑब्झर्व्हर'मध्ये डी. एस. मॅकनट हे ग्रीक-लॅटिनचे शाळामास्तर आले. त्यांनी 'झिमेनेस' हे दुसऱ्या एका इन्क्विझिटरचे नाव घेतले, पण वागणूक न्यायाधीशाची ठेवली. १९६६ मध्ये त्यांनी या कलेवर पुस्तकच लिहिले. सूत्रात एक भाग अर्थ सांगणारा हवा, दुसरा भाग शब्दाची जोडणी सांगणारा हवा आणि त्यापलीकडे एकही फालतू शब्द नको, असा त्यांचा दंडक. टॉर्केमाडाविषयी त्यांना आदर होता, पण त्याच्या सूत्रांतला सैलपणा त्यांना मान्य नव्हता. १९७२ मध्ये आलेल्या वारसाने आणखी एका इन्क्विझिटरचे, देझाचे, नाव इंग्रजी अक्षरांत उलटे लिहून 'अझेद' असे टोपणनाव घेतले आणि दंडक मात्र झिमेनेसचाच चालू ठेवला.

टॉर्केमाडाची अडचण नुसती सैलपणाची नव्हती. तो बायबल, शेक्सपिअर, डिकन्स आणि पाळण्यातली बडबडगीते वाचकाला पाठ आहेत असे गृहीत धरून नुसता एक इशारा करी आणि पुढे जाई. उद्या एखाद्या मराठी कोड्यात 'गुंड्याभाऊंचा सोबती' असे आले, तर आपल्याला चिमणराव आठवायला क्षणही लागणार नाही, पण लंडनचा मोठा पंडितही तिथे पालथी मूठ ठेवील. त्यांच्या अंगणात मी तसाच उभा होतो. माझे उरलेले शब्द अडले ते बुद्धीपायी कमी आणि बालपणापायी जास्त.

याच सुमारास एक गोष्ट माझ्या हाती लागली. १९१९ साली मॅदर्स यांनी 'ब्लॅक मॅरिगोल्ड्स' नावाचे एक काव्य प्रसिद्ध केले होते. ते काव्य म्हणजे आपल्या बिल्हणाची 'चौरपंचाशिका'! पुस्तक घेऊन मी आमच्या संस्कृतच्या मॅडमकडे धावलो. बिल्हण अकराव्या शतकातला, काश्मीरचा. नशीब काढायला तो दक्षिणेत उतरला आणि कल्याणीच्या चालुक्य राजाचा, सहाव्या विक्रमादित्याचा, राजकवी झाला. ही कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आपल्या सोलापूरकडून काही फार लांब नाही. त्याच्या 'विक्रमांकदेवचरिता'ची पोथी ब्यूलर यांना १८७४ मध्ये जैसलमेरला सापडली आणि पुढच्या वर्षी मुंबईत छापली गेली. 'चौरपंचाशिके'ची दंतकथा अशी की राजकन्येला शिकवता शिकवता कवी तिच्या प्रेमात पडला, राजाने देहदंड दिला आणि वधस्तंभाकडे जाताना त्याने तिच्या आठवणीचे पन्नास श्लोक म्हटले. प्रत्येक श्लोक 'अद्यापि' या शब्दाने सुरू होतो.

मॅदर्स यांनी हे श्लोक शब्दाला शब्द ठेवून उतरवले नाहीत. फिट्झजेरल्डने उमर खय्यामचे केले तसे त्यांनी मूळ काव्य पिऊन आपले काव्य लिहिले. मॅडमनी मूळ श्लोक आणि इंग्रजी कडवी शेजारी शेजारी ठेवून दाखवली. एखाद्या ठिकाणी मूळ प्रतिमा गाळलेली आणि तिच्या जागी दुसरीच आलेली दिसते. पांडित्याच्या दृष्टीने हे भाषांतर नापासच होईल. पण वाचताना अंगावर काटा येतो, आणि तो काही माझ्या एकट्याच्या नव्हे. जॉन स्टाइनबेक यांनी 'कॅनरी रो' या कादंबरीत (१९४५) शेवटाकडे यातली कितीतरी कडवी घातली आहेत. कॅलिफोर्नियातल्या मासळीच्या कारखान्यांशेजारी राहणारी माणसे एका रात्री काश्मिरी कवीची विरहवेदना ऐकत बसतात. त्या दोघांना जोडणारा दुवा म्हणजे आमचा छळवादी.

तेव्हा मला वाटले की कोडी आणि काव्य यांत मॅदर्स यांचा पिंड एकच होता. शब्दाचा सरळ अर्थ पोचवून मोकळे होणे त्यांना जमत नसे. आपल्या साहित्यशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर झिमेनेस अभिधेचा माणूस आणि टॉर्केमाडा व्यंजनेचा. ध्वनीला काव्याचा आत्मा म्हणणारे आनंदवर्धनही काश्मीरचेच, हा योगायोग मला फार गोड वाटला. मॅडमनी माझा उत्साह थोडा आवरला. कोड्यांना आपल्याकडे मान कमी नव्हता. चौसष्ट कलांत प्रहेलिका आहे, दंडीने तिचे सोळा प्रकार दिले आहेत. पण 'साहित्यदर्पण'कार विश्वनाथाने तिला अलंकारांच्या पंगतीतून उठवले, कारण ती रसाच्या आड येते. जिथे वाचक उलगडा करण्यात गुंतला तिथे त्याला रस कसला मिळणार? या आक्षेपाचे उत्तर मला सापडलेले नाही. इतके मात्र दिसते की १९२५ नंतर मॅदर्स यांचा वेळ अधिकाधिक कोड्यांत गेला आणि बिल्हणाच्या तोडीचे काव्य त्यांच्या हातून पुन्हा झाले नाही. कवितेचे नुकसान झालेच असले, तर ते दर रविवारी थोडे थोडे होत गेले.

१९३४ मध्ये तर त्यांनी गंमतच केली. त्या वर्षी ते 'ऑब्झर्व्हर'मध्ये रहस्यकथांची परीक्षणेही लिहू लागले होते. आपल्या कोड्यांच्या पुस्तकाच्या शेवटी त्यांनी 'केन्स जॉबोन' नावाची शंभर पानांची एक खूनकथा दिली आणि तिची पाने मुद्दाम उलटीसुलटी छापली. पाने क्रमाने लावायची आणि सहा खून कोणी कोणाचे केले ते सांगायचे. बक्षीस पंधरा पौंड. शंभर पाने जितक्या प्रकारे लावता येतात ती संख्या लिहायला १५८ आकडे लागतात, असे आमच्या वर्गातल्या गणित घेतलेल्या मित्राने काढून दिले. पुढच्या वर्षी दोघांनी ते सोडवले. उत्तर छापले गेले नाही आणि कथा विस्मरणात गेली. २०१९ मध्ये ती हजार पौंडांच्या बक्षिसासह पुन्हा निघाली आणि २०२० च्या टाळेबंदीत घरी अडकलेल्या जॉन फिनेमोर या विनोदी लेखकाने ती सोडवली. पुढे समाजमाध्यमांवर बोलबाला होऊन तिच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. माझी प्रत त्यांतलीच. पाने कापून मी माजघरात मांडली होती. आईने ती केरात जाण्यापासून दोनदा वाचवली आणि तिसऱ्यांदा पंख्याने उडवली.

मॅदर्स ३ फेब्रुवारी १९३९ रोजी झोपेतच गेले. वय अवघे शेहेचाळीस. १९४२ मध्ये त्यांच्या निवडक ११२ कोड्यांचे पुस्तक निघाले. त्यात रोझामंड यांनी पतीविषयी लिहिले आहे. ती कोडी रचली कशी जात, याची माहिती आपल्याला त्यामुळेच मिळते.

गेल्या महिन्यात मी आजोबांसाठी एक सूत्र केले. आज आणि सुद्धा यांनी संधी साधली, तरी काम अजून बाकीच, तीन अक्षरे. त्यांनी चष्मा पुसला, पार्सलवर शिक्का मारावा तसा बोटाने कागदावर ठोका दिला आणि चहा निवायच्या आत 'अद्यापि' असे लिहून कागद माझ्याकडे सरकवला. खाली पेन्सिलीने शेराही होता: ज्याला संस्कृत येत नाही त्याच्यावर अन्याय, सूत्र बाद.