श्रीसमर्थ रामदासस्वामी : नेमस्त दिनचर्येचे आचार्य

शके १५३० (इ.स. १६०८) मधील श्रीरामनवमीस मराठवाड्यातील जांब या गावी सूर्याजीपंत ठोसर व राणूबाई या दांपत्याच्या पोटी श्रीसमर्थांचा जन्म झाला. त्यांचे पाळण्यातील नाव नारायण. बाराव्या वर्षी विवाहमंडपात ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच ते तेथून निघून गेले, ही कथा सर्व भाविकांना ज्ञात आहेच.

पुढील बारा वर्षे त्यांनी नाशिकजवळील टाकळी येथे घोर तपश्चर्या केली. पहाटेपासून माध्यान्हापर्यंत नदीच्या पात्रात उभे राहून जप, त्यानंतर पंचवटीत माधुकरी, दुपारी पुराणश्रवण व ग्रंथाध्ययन असा त्यांचा क्रम होता. या काळात तेरा कोटी जप झाल्याचे परंपरा सांगते. संख्या मोठी आहे खरी. परंतु त्याहून थोर गोष्ट अशी, की हा क्रम बारा वर्षे अखंड चालला. वाल्मीकी रामायणाची त्यांच्या हस्ताक्षरातील प्रत धुळे येथील श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात जतन केलेली आहे.

मात्र स्वतः आचरिलेले हे कठोर तप श्रीसमर्थांनी प्रापंचिकांवर कधीही लादले नाही. टाकळीनंतर बारा वर्षे भारतभ्रमण करताना त्यांनी जनांची दैन्यावस्था प्रत्यक्ष पाहिली होती. दिवसभर राबणाऱ्या गृहस्थास पाण्यात उभे राहावयास सांगून काय उपयोग? त्यास पेलेल असाच नेम हवा. कृष्णाकाठी आल्यावर त्यांनी चाफळ येथे श्रीराममंदिर उभारले, गावोगावी मारुतीची स्थापना करून बलोपासनेस चालना दिली. आणि नित्य जीवनाचा नेम घालून दिला तो श्रीमत् दासबोधात.

वीस दशक व दोनशे समास असलेल्या या ग्रंथात ब्रह्मज्ञानाच्या जोडीस जेवणे, झोपणे, बोलणे यांचाही विचार आहे. दुसऱ्या दशकातील उत्तम लक्षणांच्या समासात अतिभोजन, अतिनिद्रा, अतिवाद व अतिक्रोध वर्ज्य सांगितले आहेत. अठराव्या दशकात तर निद्रेवर स्वतंत्र समास असून, झोपलेल्यांच्या नाना तऱ्हांचे वर्णन वाचताना हसू आवरत नाही. अकराव्या दशकात गृहस्थाचा संपूर्ण दिवसच आखून दिला आहे : प्रातःकाळी उठून थोडे पाठांतर व ईश्वरस्मरण, शौच व मुखमार्जन, स्नानसंध्या व पूजा, किंचित फलाहार, मग आपला व्यवसाय, भोजनसमयी मन एकाग्र, आणि भोजनोत्तर वाचन व मनन. व्यवसायात गाफील राहणाऱ्यास लहान मूलही फसवते, हा इशाराही तेथेच आहे. यांतील कोणत्याही गोष्टीस द्रव्य लागत नाही, की घरदार सोडावे लागत नाही.

मठातील शिष्यांसही हेच बंधन होते. भिक्षेस गेल्यावर दात्याने पुष्कळ आणले तरी मूठभरच स्वीकारावे, असे दासबोधातील भिक्षानिरूपण सांगते. यामुळे शिष्यास संचयाचा मोह होत नसे आणि कोणत्याही एका घरावर भार पडत नसे. निःस्पृहाने संग्रह करू लागावे आणि त्याची उपासना मागे पडावी, हे श्रीसमर्थांनी आपल्या भ्रमणात निश्चितच पाहिले असले पाहिजे.

उत्तरायुष्यात, इ.स. १६७६ पासून, श्रीसमर्थांचे वास्तव्य साताऱ्याजवळील सज्जनगडावर होते. गडावर कल्याणस्वामींनी उरमोडी नदीचे पाणी हंड्यांतून वाहून आणण्याची सेवा केली. शके १६०३ (इ.स. १६८२) च्या माघ वद्य नवमीस श्रीसमर्थांनी देह ठेवला. प्रतिवर्षी या तिथीस गडावर दासनवमीचा उत्सव साजरा होतो. श्रीसमर्थांची कुबडी व कल्याणस्वामींचे पाण्याचे हंडे यांचे दर्शन भाविकांना तेथील मठात घेता येते.