सांगलीचे सूत्रधार

माझं माहेर साताऱ्याचं. आमच्या वाड्यात तेव्हा एकच टीव्ही होता, तोही मालकांकडे. काळा-पांढरा, लाकडी दाराचा. कार्यक्रमाची वेळ झाली की वाड्यातली सगळी पोरं त्यांच्या ओसरीवर जमायची. चित्र हलायला लागलं की माझा भाऊ कौलांवर चढून अँटेना फिरवायचा आणि आम्ही खालून ओरडायचो, आलं, आलं, गेलं! त्या मुंग्यामुंग्यांच्या पडद्यावर मी अर्धवटराव आणि आवडाबाई पहिल्यांदा पाहिले. रामदास पाध्यांच्या मांडीवर बसून मान फिरवत, डोळे मोठे करत ती बाहुली मोठ्या माणसांची खुशाल टिंगल करायची. आम्ही हसून हसून लोळायचो. पापडाच्या जाहिरातीतला तो हसरा ससा तर आमच्या घरचाच झाला होता. तोही पाध्यांचाच, हे मात्र फार नंतर कळलं.

माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये असते. तिच्या शेजारच्या आजी सत्तरी ओलांडलेल्या. त्यांच्याकडे चहाला गेलं की हमखास लहानपणच्या टीव्हीचा विषय निघतो. तिकडे १९४६ साली मफिन नावाचं दोरीवर नाचणारं खेचर पडद्यावर आलं आणि १९५० साली अँडी पँडी नावाचा दोरीचाच बाहुला. त्यांची नावं निघाली की आजींचा चेहरा पाच वर्षांच्या मुलीसारखा होतो म्हणे. बहीण फोनवर म्हणाली, "बघ, यांच्या बाहुल्यांचा केवढा इतिहास जपून ठेवलाय! आपलं काय आहे गं?"

मी गप्प बसले नाही. म्हटलं, आपलं सांगलीत आहे. आणि ते इंग्लंडच्या टीव्हीपेक्षा शंभर वर्षांनी जुनं आहे.

लग्न होऊन सांगलीला आले तेव्हा विष्णुदास भावे हे माझ्यासाठी एका नाट्यगृहाचं नाव होतं, एवढंच. सासरे दर वर्षी ५ नोव्हेंबरला इस्त्रीचा सदरा घालून गौरवपदकाच्या समारंभाला निघायचे. पहिल्याच वर्षी मला विचारलं, "येतेस का?" मी गेले. परत येताना वाटेत त्यांनी जी गोष्ट सांगितली, ती नंतर मी जमेल तशी वाचत गेले.

विष्णू अमृत भावे यांचा जन्म १८१९ च्या सुमाराचा. वडील सांगलीच्या पटवर्धन संस्थानच्या चाकरीत. मुलाचं मन मात्र अभ्यासात नव्हतं. मातीची चित्रं कर, लाकूड तासून बाहुल्या कर, गोष्टी रच, यातच त्याचा दिवस जायचा. आजच्या भाषेत सांगायचं तर आईबापांना काळजी लावणारं पोर! पण संस्थानचे राजे चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांची नजर पारखी होती. १८४२ साली कर्नाटकातून भागवत नावाची मंडळी सांगलीला आली आणि त्यांनी दरबारात यक्षगानाचे खेळ केले. ते पाहून अप्पासाहेबांच्या मनात आलं, असं काही आपल्या मराठीत का नको? त्यांनी हे काम कुणा शास्त्री-पंडिताकडे न देता या बाहुल्या करणाऱ्या तरुणाच्या गळ्यात घातलं.

आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीच्या दरबारात 'सीतास्वयंवर' उभं राहिलं. म्हणून तर तो दिवस आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. विष्णुदास तेव्हा पंचविशीच्या आतबाहेर होते!

ते नाटक आजच्या नाटकासारखं मुळीच नव्हतं. सूत्रधार झांज-मृदंगाच्या साथीत उभा राहून गायचा. आधी गणपती यायचा, मग सरस्वती. विदूषक आणि सूत्रधार यांची थट्टामस्करी व्हायची. मग आख्यान सुरू. पदं सगळी सूत्रधाराने म्हणायची आणि पात्रांनी त्या धाग्याने आपापलं बोलणं जागच्या जागी रचायचं. लिहून दिलेले संवाद नव्हतेच. राक्षस आले की आरडाओरडा, तलवारींचा खणखणाट. पुढच्या पिढीतल्या शिकलेल्या लोकांनी या खेळांना 'तागडथोम' नाटकं म्हणून नावं ठेवली. ठेवोत बापडे! पायाचा दगड ओबडधोबडच असतो.

बायकांची कामं अर्थातच मुलगे करायचे. चांगल्या घरातल्या मुलानं तोंडाला रंग लावणं हलकं मानलं जायचं. सोंगाड्या म्हटलं की लोक नाक मुरडायचे. पण पाठीशी राजा होता, म्हणून सगळं निभावलं.

आणि इथेच खरी गोष्ट सुरू होते. १८५१ साली अप्पासाहेब गेले. गादीवर लहान वयाचे वारस आले आणि नाटकाचा आश्रय संपला. नटांची जमवलेली मंडळी, कपडे, दागिने, सगळा पसारा अंगावर आणि डोक्यावर कर्ज. एखाद्यानं रंगाचा डबा नदीत बुडवून दुसरी चाकरी धरली असती. घरच्यांनीही तेच सुचवलं असतं, नाही का?

विष्णुदासांनी बोजा बांधला आणि मंडळी घेऊन बाहेर पडले. रेल्वे नव्हती. नटांचा तांडा, सामानसुमान घेऊन घाटवाटा तुडवत गावोगाव खेळ करत ते पुण्या-मुंबईपर्यंत गेले. १८५३ साली मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. जिथे इंग्रजी नाटकं व्हायची, तिथे सांगलीची मंडळी रामायणातली आख्यानं करत होती आणि लोक पैसे मोजून पाहायला येत होते! मला यातलं मोठेपण वेगळंच वाटतं. राजाच्या कृपेवर उभी असलेली कला त्यांनी सामान्य माणसाच्या खिशातल्या नाण्यावर उभी केली. त्यांचं पाहून गावोगाव नाटक मंडळ्या निघाल्या. पुढचे किर्लोस्कर, देवल, बालगंधर्व हे सगळे या वाटेवरूनच आले.

साधारण दहा वर्षं ते असे फिरले आणि मग सांगलीला परतले. १८८५ साली त्यांच्या आख्यानांची पदं 'नाट्यकवितासंग्रह' या नावानं छापून निघाली. आणि लहानपणापासून हाताला असलेला तो बाहुल्यांचा नाद काही सुटला नव्हता. त्यांनी रामायणातल्या पात्रांच्या लाकडी कळसूत्री बाहुल्या घडवल्या होत्या. ९ ऑगस्ट १९०१ रोजी ते गेले. बाहुल्या मागे राहिल्या.

आता गंमत ऐका. कितीतरी वर्षांनी या जुन्या बाहुल्या दुरुस्त करून, त्यांना पुन्हा दोऱ्या बांधून रंगमंचावर कुणी आणलं? रामदास पाध्यांनी! म्हणजे साताऱ्याच्या ओसरीवर ज्यांच्या अर्धवटरावाला पाहून मी लोळत होते, त्यांच्याच हातात माझ्या सासरगावच्या विष्णुदासांच्या दोऱ्या आल्या. हे कळलं त्या दिवशी मला माहेर-सासर एका दोरीनं बांधल्यासारखं वाटलं.

हे सगळं आज आठवण्याला कारण घडलं. आम्ही काही जणी एका वस्तीवर बालवर्ग चालवतो. तीस-बत्तीस मुलं येतात. त्यांच्या खाऊचा आणि बाईंच्या मानधनाचा खर्च एक दाते करायचे. गेल्या वर्षी ते थांबले. त्यांच्या घरची अडचण, त्यांना बोल तरी कसा लावायचा? बैठकीत दोघीतिघी म्हणाल्या, आता बंदच करू. मी काही बोलले नाही, पण डोक्यात १८५१ साल फिरत होतं.

आठवड्यानं मी जुने पायमोजे, बटणं आणि लोकर घेऊन बसले. मुलांकडून राम, सीता, रावण करून घेतले. रावणाला दहा तोंडं काही जमली नाहीत, तीनवरच भागवलं. एक मुलगी आहे, सहा वर्षांची. वर्गात वर्षभर तोंडातून शब्द काढत नव्हती. हातात सीता घातल्याबरोबर ती रावणावर अशी काही ओरडली की तिची आईच दचकली! दहा रुपये तिकीट लावून वस्तीतल्या देवळापुढे दोन खेळ केले. लोकांनी भरभरून हसून घेतलं. जमलेले पैसे मोजले तर दोन महिन्यांचा खर्च निघाला. तिसऱ्या महिन्याची तजवीज अजून नाही. पण वर्ग चालू आहे, आणि पुढच्या खेळासाठी मारुतीची शेपटी शिवून तयार आहे.

सूत्रधार म्हणजे दोरी हातात धरणारा. विष्णुदासांना वरून धरणारी दोरी मधेच तुटली, तरी त्यांनी हातातल्या दोऱ्या सोडल्या नाहीत. यंदाच्या ५ नोव्हेंबरला मी त्या सहा वर्षांच्या सीतेला भावे नाट्यमंदिर दाखवायला नेणार आहे. सासरे आता नाहीत. वाटेत गोष्ट मलाच सांगावी लागेल.