संत जोन ऑफ आर्क : रणांगणावरची आणि न्यायासनापुढची वीरांगना

दरवर्षी ३० मे रोजी ख्रिस्तसभा संत जोन ऑफ आर्क हिचे स्मरण करते. अंगात चिलखत, हाती ध्वज आणि घोड्यावर स्वार अशा रूपात ही संत आपण चित्रांतून पाहिलेली असते. परंतु तिची लढाई रणांगणावर संपली नाही. त्याहून कठीण लढाई तिला धर्मन्यायालयात, निःशस्त्र व एकटीने लढावी लागली. या दोन्ही लढायांचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

जोनचा जन्म १४१२ च्या सुमारास फ्रान्समधील दोमरेमी या खेड्यात, एका शेतकरी कुटुंबात झाला. तिला लिहितावाचता येत नव्हते. प्रार्थना मात्र ती आईकडून शिकली होती. इंग्लंड व फ्रान्स यांच्यात १३३७ पासून युद्ध चालू होते. १४२० च्या तहाने फ्रान्सचा युवराज चार्ल्स याचा वारसाहक्क हिरावून घेतला होता. अशा काळात, वयाच्या तेराव्या वर्षी, वडिलांच्या बागेत जोनला दिव्य वाणी ऐकू आली. महादूत मिखाएल, संत कॅथरीन व संत मार्गारेट आपल्याशी बोलतात आणि युवराजाच्या साहाय्याला जाण्यास सांगतात, अशी तिची दृढ श्रद्धा होती.

१४२९ च्या आरंभी पुरुषवेष धारण करून, मोजक्या सोबत्यांसह अकरा दिवस प्रवास करीत ती शिनों येथे युवराजापुढे उभी राहिली. त्याने तिला प्वातिये येथील धर्मपंडितांकडे पाठविले. सुमारे तीन आठवडे तिची परीक्षा झाली. तिच्यात आक्षेपार्ह काहीही आढळले नाही.

ऑर्लेआं शहराला ऑक्टोबर १४२८ पासून इंग्रजांचा वेढा पडला होता. २९ एप्रिल १४२९ रोजी जोन तेथे पोहोचली. ७ मे रोजी बाण लागून ती जखमी झाली, तरी पुन्हा लढाईत उतरली आणि त्याच संध्याकाळी शत्रूचा मुख्य बुरूज पडला. दुसऱ्या दिवशी रविवार होता. इंग्रज सैन्य मैदानात उभे असूनही तिने स्वतःहून हल्ला करू दिला नाही. मैदानातच मिस्सा झाली. शत्रू निघून गेला. १७ जुलै रोजी रेम्स येथे चार्ल्सचा राज्याभिषेक झाला, तेव्हा जोन आपला ध्वज घेऊन तेथे उपस्थित होती.

ही योद्धी कशी होती? तलवारीपेक्षा तिला ध्वज कितीतरी अधिक प्रिय होता. त्यावर येशू व मरिया यांची नावे होती. कोणाचाही जीव घ्यावा लागू नये म्हणून आपण ध्वज हाती धरीत असू आणि आपण कोणालाही मारले नाही, असे तिने पुढे न्यायालयात सांगितले. सैनिकांनी पापनिवेदन करावे, शिवीगाळ व लूटमार करू नये, असा तिचा आग्रह असे. घायाळ होऊन पडलेल्या एका इंग्रज कैद्याला पाहून ती घोड्यावरून उतरली, त्याचे पापनिवेदन करविले आणि त्याचे मस्तक हातांत धरून त्याला धीर दिला, अशी साक्ष तिच्या सेवकाने दिली आहे.

२३ मे १४३० रोजी कोंपिएन्य येथे बर्गंडीच्या सैन्याने तिला पकडले व पुढे १०,००० लिव्र घेऊन इंग्रजांच्या हवाली केले. जिला राजमुकुटाचे श्रेय होते, तिला सोडविण्यासाठी राजाने परिणामकारक असे काही केले नाही. इंग्रजांच्या बाजूचे बिशप पिएर कोशों यांनी रुआं येथे तिच्यावर पाखंडाचा खटला चालविला. धर्मन्यायालयाच्या आरोपीला ख्रिस्तसभेच्या कोठडीत ठेवावयास हवे होते. तिला मात्र इंग्रजांच्या किल्ल्यात, बेड्या घालून, पुरुष शिपायांच्या पहाऱ्यात ठेवले. तिला वकील नव्हता. आपल्याला पोपमहोदयांपुढे न्यावे, ही तिची मागणी मानली गेली नाही.

तू देवाच्या कृपेत आहेस काय, असा पेच तिच्यापुढे टाकण्यात आला. होय म्हणावे तर गर्व, नाही म्हणावे तर पापाची कबुली! आपण कृपेत नसू तर देवाने आपल्याला तेथे आणावे आणि असू तर तेथेच ठेवावे, असे तिने नम्रपणे उत्तर दिले. २४ मे १४३१ रोजी अग्नीच्या भयाने तिने माघारीच्या कागदावर खूण केली. ही मानवी दुर्बलता लपविण्याचे कारण नाही. चार दिवसांत ती सावरली. आपला आतला आवाज नाकारला याचे तिला दुःख झाले. ३० मे रोजी रुआंच्या बाजारचौकात तिला जिवंत जाळण्यात आले. तिच्या विनंतीवरून तिच्या दृष्टीपुढे क्रूस उंच धरला होता आणि तिच्या ओठी येशूचे नाव होते. तेव्हा ती अवघी एकोणीस वर्षांची होती.

१४५५ साली तिच्या वृद्ध आईने, इझाबेलने, पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलमध्ये न्यायाची याचना केली. पोप तिसरे कॅलिक्स्टस यांच्या आज्ञेने फेरचौकशी झाली, शंभराहून अधिक साक्षी नोंदविल्या गेल्या आणि ७ जुलै १४५६ रोजी जुना निकाल रद्द ठरला. १६ मे १९२० रोजी पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी तिला संतपद बहाल केले.

ज्यांनी तिला दोषी ठरविले, तेही ख्रिस्तसभेचेच अधिकारी होते, हे आपण विसरू नये. ज्यांच्या हाती अधिकार आहे, त्यांनी एका निरक्षर, गरीब मुलीचे म्हणणे ऐकून घेण्याची तयारी ठेवावी, हा या चरित्राचा एक बोध. आणि सत्य एकाकी पडले तरी देवावरील व त्याच्या ख्रिस्तसभेवरील प्रेम सोडू नये, हा दुसरा. संत जोन, आम्हांसाठी विनंती कर.